अक्कांचं ऑफिस

संध्याकाळी साडेसहा वाजले की अक्का खुर्चीतून उठायच्या, एसी बंद करायच्या, रिमोट आपल्या पर्समध्ये टाकायच्या आणि पर्सची चेन ओढून घ्यायच्या. मग "चला" एवढंच म्हणायच्या. ज्यांनी जळगावचा मे महिना काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्याला कामाचा फारच उमाळा आलेला असे तो थोडा वेळ घाम पुसत बसे, मग तोही लॅपटॉप मिटून जिना उतरे. डिसेंबरात हा उपाय चालत नसे, तेव्हा अक्का इंटरनेटच्या डबीचा खटका बंद करत. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून एकदा विचारणा झाली, की जळगावची शाखा संध्याकाळी अचानक गायब का होते? अक्कांनी उत्तर पाठवलं, "इथे वीज जाते." ती रोज त्याच वेळी कशी जाते, हे विचारायचं पुण्यात कुणाला सुचलं नाही.

आमची कंपनी मोठी होती, शाखा मात्र लहान. खाली पीव्हीसी पाइपांचं दुकान, वरच्या मजल्यावर आम्ही. अक्का या शाखेच्या प्रमुख. वय चाळिशीच्या आसपास, उंची बेताची, आवाज मात्र दोन माणसांचा. माहेर यावल तालुक्यातलं, केळीवाल्यांचं. शिक्षण झाल्यावर त्या पुण्याला गेल्या, तिथल्या चकचकीत ऑफिसात बरीच वर्षं राहिल्या, आणि नवऱ्याला जळगावच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा परत आल्या. पुणे सोडल्याचं दुःख होतं का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "पुण्यात मी जेवढा वेळ सिग्नलवर उभी असायचे, तेवढ्यात इथे माहेरी पोचून चहा पिते."

त्यांचं खरं नाव वैशाली. सुरुवातीला सगळे मॅडम म्हणत. ते त्यांना आवडायचं नाही. "मॅडम म्हटलं की माझ्या हातात छडी आहे असं मलाच वाटायला लागतं," त्या म्हणायच्या. मग एक दिवस बोदवडहून रोज रेल्वेनं ये-जा करणारा आमचा पंकज घाईघाईत "अक्का, जरा हे बघा ना," असं बोलून गेला. घरी थोरल्या बहिणीला तो अक्का म्हणायचा, तेच तोंडातून निसटलं. तो लाल झाला. अक्का मात्र खूश झाल्या. त्या दिवसापासून शिपायापासून ते खालच्या पाइपवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का झाल्या. पुढे पुण्याचे मोठे साहेबसुद्धा फोनवर "अक्का आहेत का?" असंच विचारू लागले.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती मुलाखतीला. माझं गाव धुळ्याजवळ. कॉलेज धुळ्यातच झालेलं, नोकरीची पहिलीच मुलाखत. मी सगळ्या व्याख्या पाठ करून आले होते. अक्कांनी एकही विचारली नाही. म्हणाल्या, "घरी कोण कोण असतं?"

"आई, वडील, धाकटी बहीण."

"आईला फोन लाव. आणि तुला जी नोकरी हवी आहे त्यात काय काम असतं, ते तिला समजावून सांग. मी ऐकते."

मला वाटलं चेष्टा आहे. पण त्या हनुवटीखाली हात घेऊन शांत बसल्या होत्या. मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि आमच्या अहिराणीत आईला सॉफ्टवेअर समजावू लागले. कॉम्प्युटरला हुकूम कसे लिहून द्यायचे, तो ते कसे पाळतो, दवाखान्यात कागद न शोधता पेशंटची माहिती कशी मिळते. चांगली पाच-सात मिनिटं बोलले. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माले काही समजनं नही माय. जेवनी का तू?"

अक्का इतक्या मोठ्यानं हसल्या, की बाहेरून पंकजनं दार उघडून पाहिलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. अक्का म्हणाल्या, "तुझ्या आईला नाही समजलं, पण मला समजलं. जे तुला नीट कळलेलं नसतं ते तू अहिराणीत सांगूच शकली नसतीस. सोमवारी ये."

सोमवारी गेले, तर पहिलं काम म्हणून त्या मला समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेल्या. नव्या माणसाला चहा पाजून या धंद्याचं चांगलं-वाईट तोंडावर सांगून टाकायचं, ही त्यांची रीत होती. "चांगलं हे, की सावलीतलं काम आहे," त्यांनी सुरुवात केली. "माझ्या आईनं केळीच्या बागेत उन्हात पाठ वाकवली. मला कुणी उन्हात उभं करत नाही. बाई आहेस, खेड्यातली आहेस, हे कुणी बघत नाही; तिकडच्या माणसाला फक्त काम दिसतं. आणि इथे बसून जग बघायला मिळतं."

"आणि वाईट?" मी विचारलं.

"वाईट हे, की काम हातात धरता येत नाही. केळीचा घड कापला की खांद्यावर वजन येतं. आपण वर्षभर राबतो, आणि एक दिवस तिकडचा कुणी म्हणतो, नको आता हे, की सगळं पुसलं जातं. पुसल्याची खूणसुद्धा राहत नाही. आणि पाठ वाकायची ती वाकतेच. फक्त खुर्चीत वाकते." मग त्यांनी माझ्या ग्लासकडे पाहिलं. "पी, थंड होतोय."

त्या खुर्चीवर अक्कांचा फार राग होता. दुपारी त्या सगळ्यांना उठवून खाली न्यायच्या. मोबाइल वरच ठेवायचे. टपरीपासून पुढच्या चौकापर्यंत आणि परत, अशी आमची वरात निघे. दुकानदार आम्हाला ओळखू लागले होते. एका सराफाच्या दुकानातल्या बाई तर अक्कांना विचारायच्या, "आज तो उंच मुलगा नाही आला, बरा आहे ना?" उंच मुलगा म्हणजे इम्रान. तो जळगावचाच. आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधणं हे त्याचं काम, आणि तो ते इतक्या मन लावून करायचा, की पंकजला तो आपला वैरी वाटायचा. पंकज, इम्रान आणि मी, असे आम्ही तिघं अक्कांच्या टेबलाला लागून बसायचो.

तेव्हा आमच्याकडे युरोपातल्या दवाखान्यांचं काम होतं. तिकडच्या साहेबाशी रोज संध्याकाळी बोलणं व्हायचं. अक्कांचं इंग्रजी अगदी घोटीव. पण मध्येच म्यूटचं बटण दाबून त्या आमच्याकडे वळायच्या आणि माहेरच्या बोलीत म्हणायच्या, "काय सांगू ऱ्हायला हा, मले तर काहीच समजू नाही ऱ्हायलं. तुले समजलं का वं?" परत बटण दाबलं की पुन्हा तेच घोटीव इंग्रजी. एकदा बटण नीट दाबलं गेलं नाही. तिकडून साहेबानं विचारलं, ही कुठली भाषा? अक्का जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या आईच्या गावची आहे. अवघड गोष्ट समजली नाही की मी तीच बोलते, तुम्ही ती गोष्ट पुन्हा एकदा सांगा. साहेबानं निमूटपणे सांगितली.

अक्कांबद्दलचा माझा आदर कायमचा पक्का झाला तो रमजानच्या महिन्यात. काम अडचणीत आलं होतं. त्या आठवड्यात रिमोट पर्समध्ये जरा उशिरा जात होता. दवाखान्यांच्या यादीत काहीतरी उलटसुलट झालं होतं आणि साहेब कॉलवर इम्रानला फैलावर घेत होता. इम्रानचा रोजा होता. त्याच्या पुढ्यात रुमालावर खजूर ठेवलेले होते. सूर्य मावळत आला होता आणि साहेबाचं बोलणं काही मावळत नव्हतं. इम्रान मान खाली घालून "येस, येस" करत होता. दूरवरून अजान ऐकू आली. त्यानं खजुराकडे पाहिलंही नाही.

अक्कांनी त्याच्यापुढचा माइक आपल्याकडे ओढला. अगदी शांत आवाजात त्या म्हणाल्या, की माझ्या या सहकाऱ्यानं पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. आता तो उपास सोडेल. आम्ही थोड्या वेळानं पुन्हा फोन करू, आणि तुमच्या यादीतली चूक तेव्हा नक्की दुरुस्त होईल. आणि त्यांनी कॉल बंद केला.

एवढ्या मोठ्या ग्राहकाचा फोन असा कुणी ठेवतं का? अक्कांनी पाण्याचा ग्लास इम्रानसमोर सरकवला. "बघतोस काय? खा. मलाही एक दे." आम्ही सगळ्यांनी एकेक खजूर खाल्ला. परत फोन लावला तेव्हा साहेबाचा पहिला प्रश्न होता, इम्राननं जेवण केलं का? त्या महिन्यात पुढे रोज तो आधी तेच विचारायचा, कामाचं नंतर. ईदच्या दिवशी तर त्यानं इम्रानच्या आईनं केलेल्या शीरखुर्म्याचा फोटो मागवून घेतला.

असा माणूस मिळाला, आता चिंता नाही, असं वाटत होतं. पण अक्कांनी पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवर सांगितलेली वाईट बाजू दिवाळीच्या थोडं आधी खरी झाली. साहेबाची कंपनीच दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली. नव्या मालकांनी आमचं काम थांबवलं. साहेबानं जाताना मोठा गोड निरोप घेतला, पण काम गेलं ते गेलंच. आठवडाभरात पुण्याहून कळलं, की जळगावची शाखा बंद करायचा विचार आहे. ज्याला यायचं त्यानं पुण्याला यावं.

पंकजचं लग्न नुकतंच झालेलं, घरी वडील अंथरुणावर. इम्राननं शहरात घराचं बांधकाम काढलेलं. मला पुण्याला पाठवायला घरचे तयार झाले असते की नाही, देव जाणे. पण मलाच जायचं नव्हतं. मला जळगाव आवडायला लागलं होतं. त्या दिवशीही दुपारी आमची वरात निघाली. चौकात पोचल्यावर पंकज म्हणाला, "संपलं, अक्का."

"अजून मी त्यांना हो म्हटलेलं नाही," अक्का म्हणाल्या. रस्त्यापलीकडे डाळींच्या पोत्यांनी भरलेला ट्रक उभा होता. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "काय रे, या गावात एवढ्या डाळ मिल आहेत. त्यांच्यातल्या एकाचं तरी काम आपण कधी केलंय?"

पंकजला ते लागलं. "अक्का, आपण युरोपातले दवाखाने चालवले. आता पोती मोजायची?"

"आजारी पडला तरच माणूस दवाखान्यात जातो. डाळ तर रोज खातो," अक्का म्हणाल्या, आणि आम्हाला हसू आलं नाही तरी त्या स्वतः हसल्या. पुण्याच्या साहेबांकडून त्यांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये उभे होतो. आत शिरताच कानावर यंत्रांची धडधड, आणि हवेत पिवळसर पीठच पीठ. इम्रानचे केस आल्याआल्या पिकले. शेठ साठीचे, सतत बडीशेप चघळणारे. अक्कांनी त्यांना काय हवं ते विचारलं. शेठनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक कॉम्प्युटर होता, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण, आणि आवरणावर दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार. "आधीच्या कॉम्प्युटरवाल्यांनी बसवून दिला. पूजेपुरता काढतो," शेठ म्हणाले. "ताई, मला बाकी काही नको. बाहेर बघा."

बाहेर फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग लागलेली होती. गावोगावचे शेतकरी माल घेऊन आले होते. आपला नंबर कधी लागेल हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कुणी जागचं हलत नव्हतं. कुणी जेवायलासुद्धा जाईना. दोघांची पुढे-मागे घुसण्यावरून जुंपली होती. "हे एवढं मिटवा," शेठ म्हणाले. "नाही मिटलं तर तुमचाही हार आणून ठेवतो."

काम तसं सोपं होतं. गाडी निघण्याआधी शेतकऱ्यानं फोनवर नोंद करायची, आणि त्याच्या मोबाइलवर मराठीत मेसेज यायचा, की तुमचा नंबर अमुक, अमक्या वेळेला या. आम्ही महिनाभर त्यावर राबलो. अक्का रोज सकाळी मिलमध्ये जाऊन रांगेतल्या लोकांशी बोलत बसायच्या आणि दुपारी कपड्यांवर डाळीची भुकटी घेऊन ऑफिसात यायच्या. शेठना मात्र शेवटपर्यंत शंका होती. "माझे शेतकरी मेसेज वाचत नाहीत हो ताई," ते म्हणायचे. "त्यांना मेसेज येतात ते सगळे कर्जाचे आणि बक्षिसाचे. बघतसुद्धा नाहीत."

मग तो प्रसंग घडला. शेठना दुसऱ्या दिवशी दाखवायचं होतं आणि पंकज शेवटची तपासणी करत होता. स्वतःच्याच मोबाइलवर मेसेज पाठवायचा म्हणून गमतीनं त्यानं लिहिलं: "नमस्कार. मी पंकज, डाळीचा राजा. चाचणी चालू आहे." आणि बटण दाबलं. त्यानं निवडलेला नंबर एक नव्हता. मिलकडची सगळ्या शेतकऱ्यांची यादी त्यानं निवडलेली होती. चार-पाच तालुक्यांत मिळून एकाच वेळी शेकडो मोबाइल वाजले.

थोड्याच वेळात मेसेजखाली दिलेला ऑफिसचा फोन खणखणू लागला. खाली ठेवला की परत. कुणी विचारत होतं, राजासाहेब, हरभरा कधी आणू? कुणी विचारत होतं, कोणत्या पक्षाकडून उभे आहात? एक आजोबा रागावले होते, की या भागात राजे वगैरे काही नाहीत, असतील तर आम्हाला कसं माहीत नाही. धुळ्याकडच्या एकानं तर विचारलं, "राजा, तुनं लगीन व्हयनं का?"

पंकजचा चेहरा पांढराफटक. तो म्हणाला, "अक्का, गेलं सगळं. माझ्यामुळे गेलं."

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी पदरानं तोंड झाकलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं त्या रडताहेत. त्या हसत होत्या. इतक्या, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. हसू ओसरल्यावर त्यांनी फोन पंकजच्या हातात दिला. "राजे, प्रजा बोलावते आहे. एकेकाशी नीट बोला. माफी मागा, आणि खरं काय ते समजावून सांगा."

पंकज दिवसभर बोलत राहिला. सुरुवातीला अडखळत, मग नीट, मग चक्क मजेत. कुणाचं गाव कुठलं, कुणाचा ट्रॅक्टर बंद आहे, कुणाच्या मुलीची बारावी आहे, सगळं त्याला कळत गेलं. दुपार कलताना जिन्यावर पावलं वाजली आणि शेठ स्वतः आत आले. आम्ही उभे राहिलो. बडीशेप चघळायची थांबली होती, म्हणजे राग असणार.

"राजा कोण?" त्यांनी विचारलं.

पंकजनं हात वर केला.

"मी माणूस पाठवतो, तर निरोप पोचायला दोन दिवस जातात," शेठ म्हणाले. "आणि याचं राजेपण तासाभरात रावेरपासून शिंदखेड्यापर्यंत पोचलं! आणि मी म्हणत होतो, लोक मेसेज वाचत नाहीत." मग ते खाली बसले आणि खिशातून बडीशेपची डबी काढून अक्कांपुढे धरली. "ताई, उद्या काही दाखवू नका. सरळ बसवून टाका."

हंगाम आला. मिलबाहेरची रांग विरळ झाली. ज्याला वेळ दिली तो त्या वेळेला येऊ लागला. आमच्या वडिलांनी त्या वर्षी शेजारच्यांच्या टेम्पोत आमचा हरभरा घातला आणि मुद्दाम एवढ्या लांब जळगावला आणला. माल उतरवून ते थेट ऑफिसात आले. पाइपच्या दुकानात विचारत विचारत जिना चढले आणि दारातच चप्पल काढून उभे राहिले. अक्कांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. वडिलांनी मोबाइल काढून आपल्या नंबराचा मेसेज अक्कांनाच दाखवला, जणू त्यांना तो माहीतच नसेल. मग विचारलं, "ताई, आमनी पोरनं काम कसं शे?"

अक्कांची अहिराणी अगदीच मोडकी होती, तरी त्यांनी तिच्यातच उत्तर दिलं. "भाऊ, एक नंबर शे. तुमनी पोर बठ्ठासले पुरी पडस." म्हणजे सगळ्यांना पुरून उरते. वडील त्या मोडक्या अहिराणीवर इतके खूश झाले, की त्यांनी तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. आई मला म्हणाली, "म्हंजे दीपू, तू ट्रॅक्टरस्ले नंबर देस का?"

"हो आई."

"आस्सं सांग ना मंग!" आई म्हणाली. "आते समजनं." आणि सवयीनं पुढे विचारलंच, जेवनी का.

एकाचं पाहून दुसरी मिल आली, मग तिसरी. मग केळी पिकवायच्या शीतगृहाचं काम आलं. एक सराफ आले. पुण्याचे साहेब जळगावची शाखा बंद करायचं बोलायचंच विसरले. या सगळ्याची एक वाईट बाजूही होती. युरोपातला ग्राहक रागावला तर फोनवर रागवायचा. जळगावचा ग्राहक जिना चढून येतो. शेठ तर आठवड्यातून एकदा काही काम नसताना यायचे, पंकजला "काय राजे" म्हणायचे आणि चहा पिऊन तुरीचा भाव सांगून जायचे. अक्का म्हणायच्या, "बघा, आता कुणी आपल्याला पुसून टाकू शकत नाही. आपल्या नावानं शिव्या द्यायला माणसं रोज समोर बसलेली आहेत."

हे सगळं पुण्यात पोचायला वेळ लागला, पण पोचलं. मागच्या हिवाळ्यात साहेबांनी अक्कांना विचारलं, की जळगावला जे केलं ते दुसऱ्या गावांत करून दाखवाल का? आधी अकोला, मग जमेल तशी पुढची गावं. अक्कांनी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. एका दुपारी टपरीवर त्या मला म्हणाल्या, "दीपाली, मला भीती वाटते गं. इथे सगळं जमलं, कारण हे माझं गाव होतं. तिथे मी कोण?" मी म्हटलं, "अक्का, तिथेही डाळ मिल आहेत." त्या हसल्या. संध्याकाळी त्यांनी हो कळवलं. आम्हाला सांगताना त्या भराभर बोलल्या आणि सांगून झाल्यावर पाणी प्यायला निघून गेल्या.

निरोपाची पार्टी त्यांच्या माहेरच्या शेतात झाली. बागेच्या कडेला कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यावर वांगी भाजली. भरीत, पुऱ्या, वर कांद्याची पात. आम्ही होतो, शेठ होते, सराफांच्या दुकानातल्या बाई होत्या, पाइपवालाही आला होता. अक्कांच्या आईनं एवढी गर्दी पाहिली आणि मला हळूच बाजूला घेतलं. "का वं बाई, इची नौकरी गेली का? एवढे लोकं जेवाले कामून आले?"

"नाही आजी, मोठी बढती झाली त्यांची."

"मंग ते तिकडे रडू कामून ऱ्हायली?"

मी वळून पाहिलं. अक्का जाळापाशी वांगी उलटवत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "धूर आहे, आजी," मी म्हटलं. आजींनी जाळाकडे पाहिलं. धूर दुसऱ्याच बाजूला जात होता. त्यांनी माझ्या ताटात आणखी दोन पुऱ्या वाढल्या.

अक्का गेल्या त्या सकाळी आम्ही तिघं जळगाव स्टेशनवर होतो. त्यांच्या यजमानांनी सामान आत लावलं होतं. ते त्यांना अकोल्यापर्यंत पोचवायला निघाले होते. अक्का डब्याच्या दारात उभ्या राहून सूचना देत होत्या. शीतगृहवाल्यांना दर सोमवारी फोन करा, इम्रान, आईची तपासणी चुकवू नकोस, पंकज, गमतीचे मेसेज बंद. गाडीनं हिसका दिला आणि ती हलली. आम्ही हात हलवत बरोबर चालू लागलो. तेवढ्यात अक्कांचा चेहरा एकदम बदलला.

"अगं बाई! पासवर्ड!" त्या ओरडल्या.

मिल्सच्या सगळ्या कामाचा मुख्य पासवर्ड फक्त त्यांच्याकडे होता. द्यायचा राहूनच गेला होता. आमच्या नियमाप्रमाणे तो कुणाला फोनवर किंवा मोठ्यानं सांगायचा नसतो, लिहायचा तर मुळीच नसतो, आणि अक्का हा नियम आम्हाला येता-जाता ऐकवायच्या. गाडी वेग घेत होती. त्यांनी दाराचा दांडा घट्ट धरला, बाहेर झुकल्या आणि दोन माणसांच्या आवाजात ओरडल्या, "तुमची तिघांची नावं! सलग! आधी इम्रान, मग दीपाली, मग पंकज! मध्ये जागा सोडू नका!"

सबंध फलाटानं ऐकलं. एक हमाल हसला, चहावाला थांबून आमच्याकडे बघू लागला. इम्रान चालायचा थांबला. पंकज मात्र गाडीबरोबर पळतच राहिला आणि पळता पळता ओरडला, "अक्का, माझं नाव शेवटी का?"

त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्या हसत होत्या एवढं दिसलं. मग डबा पुढे गेला, त्यामागचे डबे गेले आणि रूळ रिकामे झाले.

आम्ही तिथून थेट ऑफिसात आलो. नियमाप्रमाणे पासवर्ड लगेच बदलायला हवा होता. अर्ध्या जळगावला तो माहीत झाला होता. इम्राननं संगणक उघडला आणि आमची तिघांची नावं एकदा सावकाश टाइप केली. कुलूप उघडलं. मग त्यानं नवा पासवर्ड ठेवला आणि आम्हा दोघांना कानात सांगितला. तो इथे लिहिता येणार नाही. पण तो टाकायची पाळी येते तेव्हा आम्हा तिघांपैकी जो कुणी तिथे बसलेला असतो, तो स्वतःशीच हसतो.